कुंझुमला आपली साधी गाडी चढेल का? चढेल, पण लोसरहून पहाटे निघा

गारगोटीच्या एका सरांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे पेट्रोलची साधी गाडी आहे. ओढ पुढच्या चाकांना, टर्बो नाही, पोटाखाली १८० मिलिमीटर जागा. माणसं चार: सर, बाई, बारावी झालेला मुलगा आणि ६८ वर्षांचे वडील. हिमाचलात मनालीहून निघून कुंझुम खिंड ओलांडायची आणि त्याच दिवशी पलीकडच्या स्पिती खोऱ्यातलं काझा गाठायचं, असा बेत आहे. विचारायचं दोनच: फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ, नसताना गाडी चढेल का, आणि ‘गगनबावड्याचा घाट मी डोळे झाकून उतरतो, तेवढा सराव पुरेल का?’

सर, गाडी चढेल. त्या रस्त्यावर हंगामात हिमाचल परिवहनची बस जाते. आपल्या एसटीसारखीच असते ती, फोर बाय फोर वगैरे काही नाही. माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज आहे. कुंझुमवरून मी पाच वेळा गेलोय, त्यातल्या दोन खेपा तुमच्यासारख्याच गाडीनं. खिंडीची उंची साधारण ४,५५० मीटर. आपला पन्हाळा हजार मीटरही भरत नाही. तरीही ती उंची तुम्हाला अडवणार नाही. मला खटकले ते तुमच्या बेतातले दोन शब्द, ‘मनालीहून’ आणि ‘त्याच दिवशी’.

कारण सांगतो. मनालीहून आता अटल बोगद्यातून पलीकडे जायचं, मागं वळून कोकसर, मग ग्रामफू. ग्रामफूला डांबर संपतं असं धरून चला. रुंदीकरणाची कामं चालू असतात, एखादा तुकडा गुळगुळीत मिळेलही, त्यावर बेत आखू नका. तिथून चंद्रा नदीच्या काठाकाठानं छत्रू, छोटा दर्रा करत बातल. हे पन्नासेक किलोमीटर म्हणजे रस्ता कमी आणि नदीचं पात्र जास्त. डोक्याएवढे गोल धोंडे, त्यावर सैल खडी, आणि दर थोड्या अंतरानं वरच्या हिमनदीतून आलेला नाला थेट रस्त्यावरून वाहतोय. बातलनंतर उभा चढ आणि वळणं, मग खिंड. खिंडीपलीकडे लोसर गावाकडचा उतार त्यामानानं सोपा. म्हणजे खरा कस बातलच्या अलीकडच्या पट्ट्यात आहे आणि त्यातही नाल्यांत.

आणि नाला घड्याळावर चालतो. रात्री वरचं बर्फ आखडतं, पहाटे पाणी सगळ्यात कमी असतं. ऊन चढलं की बर्फ वितळायला लागतं आणि ते पाणी खाली यायला वेळ घेतं, त्यामुळं जोर येतो तो दुपारी दोन-तीननंतर. सकाळी सात वाजता घोट्याएवढं असलेलं पाणी चार वाजता गुडघ्याच्या वर गेलेलं मी त्याच जागी उभं राहून बघितलंय. आपल्याकडं पाऊस पडला की ओढ्याला पाणी येतं, तिथं कडक ऊन पडलं की येतं. कोल्हापूरच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आभाळ निरभ्र म्हटल्यावर आपण निर्धास्त होतो.

म्हणून तुमचा बेत मी उलटा फिरवतो. सिमल्याकडून किन्नौरमार्गे आत जा: कल्पा, नाको, ताबो, काझा. बाहेर पडताना कुंझुम. या वाटेनं उंची बेताबेतानं वाढते, कल्पा तीन हजार मीटरच्या जरा अलीकडे, नाको साडेतीन हजारांच्या वर, आणि काझाला पोचेपर्यंत अंगाला सवय झालेली असते. वडील बरोबर आहेत म्हणून तर हे हवंच. दुसरा फायदा, काझात बसून खिंडीची ताजी बातमी मिळते. रोज तिकडून गाड्या येतात, चालकांना विचारायचं. बंद असली तर आलेल्या वाटेनं परत. मनालीकडून गेलात तर ही मोकळीक राहत नाही, कारण पुढचं हॉटेलचं बुकिंग माणसाला ढकलत राहतं.

शेवटचा मुक्काम मात्र काझात करू नका, लोसरला करा. काझा ते लोसर साठेक किलोमीटर. काझातून सकाळी निघालात तर लोसरला चहा, खिंडीत फोटो, बातलला राजमा-चावल, आणि नेमक्या चुकीच्या वेळी नाल्यावर हजर. लोसरहून उजाडताना निघालात तर सातच्या सुमारास खिंडीत, साडेआठ-नऊला बातल, आणि नाल्यांचा पट्टा दुपारच्या आत मागं पडतो. एवढं पाळलंत तर बाकीचं निम्मं सोपं होतं. पेट्रोल मात्र काझाच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायचं. मनालीपर्यंत अंतर दोनशे किलोमीटर असलं तरी पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी जवळपास दुप्पट पिते.

आता गगनबावडा. डोळे झाकून उतरता म्हणता, ते ठीक. कुठल्या गिअरमध्ये उतरता? तुमच्या त्याच गगनबावड्याच्या करूळ घाटाच्या पायथ्याला पर्यटकांच्या गाड्या चाकातून धूर काढत उभ्या असतात, त्या सगळ्यांच्या चालकांना घाट पाठ असतो. तेल वाचतं म्हणून न्यूट्रल, नाहीतर चौथा गिअर आणि पाय ब्रेकवर. घाट बारा-पंधरा किलोमीटरमध्ये संपतो म्हणून हे खपून जातं. ब्रेक ऑइलचा स्वभाव असा की ते हवेतलं पाणी पीत राहतं. नवं डॉट-३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यालेलं १४० ला. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल सरळ तळाला जातं. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात-आठ गाड्यांचं ब्रेक ऑइल गाडी घेतल्यापासून बदललेलं नसतं. झाकण उघडलं की काकवीसारखं काळं दिसतं. ते निघण्याआधी बदला, लायनर बघून घ्या. आणि कुंझुमवरून बातलकडं उतरताना पहिला गिअर, जास्तीत जास्त दुसरा. ज्या गिअरला चढ चढली असती, त्याच गिअरला उतरवायची. इंजिन गुरगुरू द्या, बिघडत नाही काही. ब्रेक दाबायचा तो ठसक्यात, मग सोडायचा. नुसता टेकवून ठेवायचा नाही. हा सराव करूळ-भुईबावड्याला आजपासून करता येईल, त्याला हिमालय लागत नाही.

तुमचं इंजिन तिथं किती दमेल तेही ऐकून ठेवा. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास उरतो. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा तेवढंच बळ देतं. कोल्हापुरात शंभर घोडे असतील तर तिथं साठच समजा. त्यात चार माणसं आणि डिकी भरून बॅगा. अशा वेळी माणूस हाफ क्लचवर गाडी ओढायला जातो आणि दहा मिनिटांत जळक्या वासानं गाडी भरते. क्लच तिथं जळाला तर मदत यायला दिवस जाईल. पहिला गिअर टाका, पाय क्लचवरून पूर्ण काढा, एसी बंद, इंजिनचा आवाज थोडा चढा ठेवा आणि चालत्या माणसाच्या वेगानं जाऊ द्या. वाईट तुकडा दिसला की मुलाला आणि बाईंना उतरवा. गाडीचं पोट दोन बोटं वर येतं आणि शिवाय पुढं चालणारा माणूस दगडही दाखवतो. वडिलांना मात्र उतरवू नका, त्या हवेत शंभर पावलांचा चढही त्यांना जड जाईल.

दगडांविषयी जरा सविस्तर, कारण यात मी स्वतः खड्ड्यात गेलोय.

आपल्या रस्त्यावर मधे दगड दिसला की आपण तो दोन चाकांच्या मधे घेतो. पन्नास वर्षांची सवय आहे ती, बैलगाडीपासूनची. तिथं नेमकं उलटं करायचं: दगड चाकाखाली घ्यायचा, पोटाखाली नाही. चाक त्याच्यावर चढलं की गाडीचं पोटही तेवढंच वर उचललं जातं. मधे घेतला तर चाकं आजूबाजूच्या खळग्यात बसतात, १८० मिलिमीटरचे १२० होतात, आणि दगड थेट चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला भेटतो. ज्याच्या कडा धारदार, तो तेवढा चाकाच्या बाजूला घासू द्यायचा नाही. टायरची बाजूची भिंत फाटली की पंक्चर किटचा उपयोग शून्य.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझी पहिली खेप मनालीकडूनच होती. सकाळी पराठे हाणून नऊ वाजता निघालो, छत्रूच्या अलीकडच्या नाल्याला पोचलो तेव्हा दुपारचे तीन. पुढं एक टेम्पो ट्रॅव्हलर पाण्यात रुतलेला, तो निघेपर्यंत दीड तास. नाला पार झाला, पण डोक्यात एकच, अंधाराच्या आत बातल. वेग दहाचा वीस झाला. ऊन गेलं की तिथं सगळं एकाच राखाडी रंगाचं होतं, धोंडाही राखाडी आणि मातीही राखाडी. खट्ट आवाज आला. उतरून वाकून बघितलं तर चेंबरला केसाएवढी चीर, आणि तिच्यातून मधाच्या धारेसारखं ऑइल. पंधराशेहून जास्त चेंबर मी हातानं बसवलेत, पण स्वतःचा फुटल्यावर दोन मिनिटं नुसता बघत बसलो.

बातल जवळ होतं. इंजिन बंद करून एका ट्रकनं ओढत नेलं. ढाब्यावरच्या रिकाम्या तेलाच्या डब्यात सगळं ऑइल काढलं, चिरेची जागा पेट्रोलच्या फडक्यानं पुसली, पॉलिश पेपरनं घासली, एम-सील मळून लावलं. इथं कोल्हापुरात ते तासाभरात दगड होतं. तिथल्या थंडीत दोन तासांनी बोट लावलं तर कणकेसारखं मऊ. मग ढाब्यावरून गरम पाण्याची बाटली घेतली, मफलरमध्ये गुंडाळली आणि गाडीखाली पडून चेंबरला दाबून धरली. पाणी निवलं की दुसरी बाटली. रात्री दीडपर्यंत मी आणि मेव्हणा पाळीपाळीनं. सकाळी कडक झालं होतं. तेच ऑइल धुतलेल्या बनियनमधून गाळून परत ओतलं आणि त्या पट्टीवर गाडी काझापर्यंत आली. तेव्हापासून माझ्या गाडीच्या चेंबरखाली लोखंडी गार्ड आहे आणि डिकीत दोन लिटर ऑइल. तुमच्याही गाडीला गार्ड बसवून घ्या, फायबरचा नको.

याचा सराव कुठं करायचा? ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखणलेल्या पाणंदी तुमच्या भुदरगडात पाहिजे तेवढ्या आहेत. दोन चाकोऱ्या खोल, मधे उंचवटा. एका चाकानं उंचवटा आणि दुसऱ्यानं कड धरून जायला शिका. आणि तिथंच दोनशे मीटर रिव्हर्स शिका, आरशावर, मान न वळवता. खिंडीच्या रस्त्यावर समोरून ट्रक आला की कुणाला तरी मागं जावं लागतं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा कायद्यानं घातलेला नियम आहे. तिथले ट्रकवाले तो आपल्यापेक्षा चांगला पाळतात, पण प्रत्यक्षात ज्याच्या मागं रुंद जागा जवळ, तो मागं सरकतो. दरीच्या बाजूला जावं लागलं तर आधी एकाला उतरवून कड पायानं दाबून बघायला सांगा. कड सैल असली तर थांबून राहा, ट्रकवाला काढतो वाट.

नाला ओलांडताना घाई करायची नाही, पण पाण्यात थांबायचंही नाही. आधी बाहेर थांबा, दुसऱ्या गाडीला जाऊ द्या, तिचं चाक कुठं बुडतं ते बघा. गाडी नसली तर काठी घेऊन एकानं चालत जायचं. पायात पट्ट्याची घट्ट सँडल हवी. मी एकदा कोल्हापुरी घालून उतरलो होतो, एक पायात राहिली, दुसरी चंद्रा नदीला वाहिली. पाण्याचा रंग गढूळ असतो, तळ दिसत नाही, आणि ते इतकं गार की अर्ध्या मिनिटात पाऊल बधिर होतं. आत उतरताना पहिला गिअर, एकसारखा वेग, मधे गिअर बदलणं नाही, क्लच दाबणं नाही. बोनेटपुढं पाण्याची छोटी लाट तयार होते, तिच्या मागं मागं जायचं. पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर येईल असं वाटलं तर जायचंच नाही, सकाळपर्यंत थांबायचं. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या नळीतून पाणी आत गेलेलं असलं तर पिस्टन ते दाबायला जातो, पाणी काही दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढं इंजिनच उतरवावं लागतं. दोरीनं ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा, कोरडा असेल तरच चालू करा. बाहेर आल्यावर पन्नास मीटर ब्रेक हलका दाबत चला म्हणजे लायनर सुकतात.

टायरच्या हवेचं एक गणित मात्र लोक हटकून चुकतात. बाहेरचा दाब कमी झाला की टायरमधली हवा गेजवर जास्त दिसते. कोल्हापुरात ३३ भरलीत तर खिंडीत त्याच तापमानाला ती ३८ च्या पुढं दाखवेल. थंडीमुळं पहाटे थोडी उतरते, म्हणून सकाळी सगळं बरोबर वाटतं आणि दुपारी उन्हात चाक दगडावर चेंडूसारखं उडायला लागतं. वेफर्सचं पाकीट फुगतं तेच हे. मी लोसरला थंड टायर मोजून २८ वर ठेवतो. त्याहून खाली नेत नाही, भरलेल्या गाडीचा रिम दगडावर वाकतो. बारा व्होल्टचा पंप जवळ असू द्या. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळीही घ्या, सैल खडीत जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतः जमिनीत जातो.

वडिलांबद्दल. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि उंचीवरच्या त्रासासाठीची गोळी, दोन्ही त्यांच्याच सल्ल्यानं. मी सांगू शकतो ते एवढंच की त्रास रात्री वाढतो. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं इथपर्यंत असेल तर आहे तिथंच थांबून आराम, आणखी वर जायचं नाही. चालताना झोकांड्या जायला लागल्या, बोलणं तुटक झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न बघता खाली उतरवायचं. काझाला त्यांना दोन दिवस पूर्ण बरं वाटलं तरच लोसर, कारण लोसर चार हजार मीटरच्या वर आहे. नाहीतर किन्नौरमार्गे परत, आणि कुंझुम पुढच्या वेळी मुलाबरोबर. चालवणाऱ्यानंही हेच स्वतःला लावायचं. रात्री नीट झोप झालेली नसेल तर सकाळी स्टिअरिंग धरायचं नाही, आणि त्या उंचीवर दारूचा घोटही नको.

आता रजेची अडचण, तुम्ही शिक्षक असल्यामुळं. मेच्या सुट्टीत गेलात तर खिंड बहुधा उघडलेली नसते. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत कधीतरी बर्फ कापून रस्ता मोकळा करतात, आणि उघडल्या उघडल्या नाल्यांना पाणी भरपूर. जुलै-ऑगस्टला किन्नौरात दरडी. दिवाळीच्या सुट्टीत नाले आटलेले असतात, पण पहाटे रस्त्यावर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा असतो, ढाबे आवरलेले असतात आणि एका रात्रीच्या बर्फानं खिंड बंद होऊ शकते. मला विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. हेडमास्तरांकडून बारा-पंधरा दिवस बिनपगारी घ्यावे लागले तरी घ्या. मिळालेच नाहीत तर जूनचा दुसरा आठवडा, आणि तेव्हा लोसरचं पहाटेचं निघणं अर्ध्या तासानंही पुढं ढकलायचं नाही.

खिंडीत देवीचं मंदिर आहे, सगळ्या गाड्या त्याला एक प्रदक्षिणा घालून पुढं जातात. तुम्हीही घाला. तिथं बडा शिगरी हिमनदीच्या बाजूची शिखरं दिसतात, ती बघायला दहा मिनिटं ठेवा, अर्धा तास नको. लोसर सुटल्यावर ग्रामफूपर्यंत फोनच्या भरवशावर राहू नका, काझाहूनच घरी सांगून ठेवा. ग्रामफूला डांबर लागलं की सगळ्यात आधी टायरमध्ये हवा भरा, मग गाडीखाली एकदा वाकून बघा, काही गळत नाही ना, आणि रिकाम्या सपाट रस्त्यावर दोन वेळा कचकन ब्रेक मारून बघा. बोगदा नऊ किलोमीटरचा आहे, आणि पलीकडं मनालीपर्यंत सलग उतार.

निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी उद्यमनगरात आणा. रॅम्पवर घेऊन खालून बघू. येताना टाकी अर्धीच ठेवा, ती उतरवावी लागली तर बरं पडतं.